आत्याने रांगोळीने काढलेलं घर

‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे ‘जरा सांभाळून घ्या’, या तीन शब्दांवर अख्खं बेंगळुरू चालतं. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तो याच बळावर, आणि दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावून वर हसणारा हसतो तोही याच बळावर. या शहरात उभी हयात काढून एकदाही अ‍ॅडजस्ट न झालेली एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे, ती म्हणजे माझी आत्या. लग्न होऊन बेळगावाहून इथे आली, सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी केली आणि साहेबांच्या चुका साहेबांसमोरच लाल पेन्सिलीने खुणावत निवृत्त झाली. रिक्षावाला भलत्या गल्लीतून निघाला तर ती वाद घालत नाही, पोचल्यावर भाडं कमी होईपर्यंत नुसती आत बसून राहते. शेवटी तोच ‘सरी, अक्का’, म्हणजे बरं ताई, म्हणून हात जोडतो. तिच्या घरामागच्या तळ्याला उन्हाळ्यात वास सुटतो. एका पाहुण्याने तसं बोलून दाखवलं, तेव्हा ‘तुम्हाला तळ्याने बोलावलं नव्हतं’ एवढंच म्हणून तिने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

तीन वर्षांपूर्वी या घराला आग लागली. इन्व्हर्टरने पेट घेतला तेव्हा आत्या भाजी आणायला गेली होती, म्हणून वाचली. आम्ही धावत पोचलो आणि रडायला लागलो. ती मात्र भाजीची पिशवी हातात धरून बंबवाल्यांना सांगत होती, पाइप उजवीकडून न्या, डावीकडे माझा जाईचा वेल आहे. जाई वाचली, घर गेलं. माझा आतेभाऊ, म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, तिला व्हाइटफील्डच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. जागा विकून टाकू, या वयात एकटीसाठी कोण घर बांधतं, असं त्याचं म्हणणं. त्यात काळजीच होती, हे आत्यालाही कळत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सामान उचलून मल्लेश्वरमला माझ्याकडे मुक्काम ठोकला. घर बांधायचं ते तिथेच, तळ्याकाठीच.

जळकं घर पाडून जमीन सपाट झाली, तेव्हा तिने आर्किटेक्टचे कागद बाजूला सारले. कागदावर सगळ्याच खोल्या मोठ्या दिसतात, हे तिचं नोकरीतलं शहाणपण. तिने पोतंभर रांगोळी आणली आणि जमिनीवर खऱ्या मापाचं घर काढलं. भिंती, दारं, बोळ, तळ्याकडे तोंड केलेलं स्वयंपाकघर, सगळं. मग आम्हाला त्यात राहायला लावलं. हॉलमध्ये सतरंजीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचा आणि हात धुवायला बोळातून वळसा घेऊन जायचं. घाईत मी एकदा भिंतीतून गेलो, तर मला मागे पाठवून दारातून आणलं. वाऱ्याने भिंत उडाली की ती नव्याने घालायची. कंत्राटदार म्हणाला, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं. ‘मागच्या वेळी आग्नेयेलाच होतं,’ आत्या म्हणाली, ‘अग्नी सगळं घर फिरून आला.’ त्यानंतर त्याने दिशांचं नाव काढलं नाही.

एका रविवारी आतेभाऊ आला तो सोक्षमोक्ष लावायलाच. जागेला गिऱ्हाईक शोधलं होतं त्याने. तणतणत आत शिरणार, तोच आत्या म्हणाली, ‘दारातून ये.’ तो रेषेबाहेरच थबकला. आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण तो उभ्या उभ्या एकेक खोली बघत राहिला आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

‘यात माझी खोली कुठेय?’

‘तुला इथे घरच नको होतं ना?’

‘आई, मी विकू या म्हणालो. येणार नाही असं कधी म्हणालो?’

‘मग काढ,’ म्हणून तिने रांगोळीचा डबा त्याच्यापुढे धरला. जन्मात कधी रांगोळी न धरलेल्या त्या माणसाने बूट काढले आणि वाकून, जाडबारीक सांडत, जाईच्या बाजूने एक खोली काढली. भिंत चांगलीच तिरकी गेली. साहेबांना न सोडणारी आत्या ती पुसायला काही पुढे झाली नाही. पुढे गवंडी म्हणाला, हा कोपरा काटकोनात नाही, सरळ करून घेतो. तिने त्याला ती भिंत तशीच बांधायला लावली.

घर झालं. त्या खोलीत कपाट भिंतीला टेकत नाही. आतेभाऊ येतो, पण कधीतरी रविवारी, आणि जेवण होताच ट्रॅफिकच्या धाकाने निघतो. तिथे तो मुक्कामाला राहिल्याचं मला आठवत नाही. मागे मी आत्याला म्हटलं, खोली रिकामीच आहे तर एखादी कॉलेजची मुलगी ठेव, तुला सोबत होईल.

‘रिकामी नाहीये ती,’ आत्या म्हणाली, आणि त्याच्या पलंगावरची चादर बदलायला उठली.