जमिनीला न लागलेले बूट

"तोंड मागनं बघू. आधी पाय दाखवा."

बाळंतिणीच्या खोलीत शिरता शिरताच बाई हे म्हणायच्या आणि दुपट्याचं चुकीचं टोक उचलायच्या. म्हणजे तुमच्या-माझ्या हिशेबानं चुकीचं. बाळाचं नाक कुणावर गेलंय यावरून भांडणारी माणसं आपण. बाई दोन बोटांत टाच धरायच्या, अंगठा तळव्यावरून फिरवायच्या आणि पाय सरळ निघाला, तरच वर बघून म्हणायच्या, "हां, आता सांगा. नाक कुणाचं?"

मी जुन्नरचा फोटोवाला. बाई तिथल्याच एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होत्या. जन्मतः पाय आत वळलेल्या मुलांवर तिथं फुकट उपचार व्हायचे. नव्वदच्या दशकात त्यासाठी मोठी ऑपरेशनं करत. दोन हजारनंतर नवी पद्धत आली. दर आठवड्याला पाय हातानं थोडा सरळ करायचा आणि नवं प्लास्टर घालायचं. प्लास्टर घालायला पुण्याहून डॉक्टर येत. पण मुलं शोधून आणायची ती बाईंनी, आणि ती मधेच पळणार नाहीत हे बघायचं तेही बाईंनीच.

मला त्यांनी पकडलं ते उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो काढायला. पहिल्याच दिवशी मी सवयीनं बाळाच्या तोंडासमोर चुटक्या वाजवून त्याला हसवायला लागलो. बाई म्हणाल्या, "भाऊ, तोंडाचं काय करायचंय? पाय काढा." ती सवय अशी लागली, की खोडदच्या एका लग्नात मी नवरदेवाच्या पावलांवरच अर्धा रोल संपवला. मुलीचा बाप दुकानात येऊन म्हणाला, "राव, जावई दाखवा की! का पावलं बघून वळखायचा?"

बुधवारी एसटीनं आया यायच्या. जुनं प्लास्टर सुटावं म्हणून ते घरूनच भिजवून आणायचं असे. मग कंडक्टर ओरडायचा, "बाई, सीट भिजली!" आणि आमच्या बाई स्टँडवर उभ्या राहून त्याला सांगायच्या, "पोराचं मूतच हाय समजा. त्याला तिकीट लागत न्हाई."

कुणी रडत सांगायचं, "गिराणात मी भाजी चिरली, म्हणून पोराचं असं झालं." बाई लगेच आपली चप्पल काढून पाऊल पुढं करायच्या. "माझी आई गिराणात ऊस तोडत व्हती. हे बघा, पाय कसं सरळ हाय!" त्यांची आई ग्रहणाच्या दिवशी खरंच ऊस तोडत होती का, हे मी एकदा विचारलं. "मला काय ठावं? मी पोटात व्हते," म्हणाल्या.

तर अशा बाईंच्या हातून डिंगोरे गावची एक मुलगी निसटली. दोन्ही पाय वळलेले. प्लास्टरांनी छान सरळ झाले, मी फोटोही काढले. मग बूट मिळाले. चामड्याचे एवढेएवढे दोन बूट, मधे लोखंडी पट्टी. पाय पुन्हा वळू नयेत म्हणून हे बूट चार वर्षांची होईपर्यंत झोपताना घालायचे. काही महिन्यांनी मुलगी परत आली, तेव्हा पाय होते तिथेच आत गेलेले. आई खाली मान घालून उभी. बाईंनी बुटात बोट घातलं आणि वास घेतला.

"घामाचा वास न्हाई," त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर बसून आम्ही डिंगोऱ्याला. मुलीची आजी ओट्यावर होती. बूट ओट्यावरच्या खुंटीला टांगलेले, पुसून स्वच्छ. म्हातारी दुष्ट नव्हती हो. नातीला तिनंच तेल लावून वाढवलेलं. पण घर एकखणी, देव्हारा त्याच खणात. "पायताण उंबऱ्याच्या आत? तेबी देवापुढं, हातरुणात? मी मरंस्तवर न्हाई."

तिनं आम्हाला चहा दिला. मला आत बोलावून, बाईंना ओट्यावरच. बाईंच्या घरी बुद्धमूर्ती आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बूट आणि बाई, दोघंही उंबऱ्याबाहेर. मी कप घेऊन ओट्यावर येऊन बसलो. बाईंचं लक्ष बुटांवर होतं.

"आजी, पायताण कशाला म्हंत्यात?"

"पायात घालत्यात त्याला."

"मग पैंजण?"

"पैंजण चांदीचं आसतंय. ह्ये कातडं."

"देवळात पखवाज वाजतो, तो कशाचा?"

बाईंनी बूट खुंटीवरून काढून म्हातारीच्या मांडीवर ठेवले. "खालनं बघा. धूळ हाय? जमिनीला लागतं ते पायताण. हे कवाच जमिनीला लागत न्हाई, हे लागतं गोधडीला. पोरीचा दागिना हाय हा."

"आन लागलं जमिनीला, तर?"

"तर भाईर फेका. मी न्यायला यीन."

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "माझंच चुकलं. बूट म्हणाले मी त्याला."

मुलीची प्लास्टरं पुन्हा झाली. पाय पुन्हा सरळ झाले. ती बूट घेऊन घरी गेली त्याच सुमारास बाईंच्या पोटात गाठ निघाली. दुखणं झपाट्यानं वाढलं. अंथरुणाला खिळल्यावरही त्यांना एकच घोर. "घालतीय का न्हाई म्हातारी बूट? आता तिसऱ्यांदा वळलं तर कोन बसंल हिच्यामागं?" एके दुपारी मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी जावा. बुटात बोट घाला आन वास घ्या."

लग्नांचे फोटो काढणारा मी बुटांचे वास घ्यायला निघालो! म्हातारी दारातच आडवी आली. "पोरगी आत्ता कुठं निजलीय. आत न्हाई यायचं." खुंटीकडे बघितलं, रिकामी. तेवढंच येऊन सांगितलं.

"खुंटीवर न्हाईत, म्हंजी माळ्यावर टाकलं," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. ती त्यांची माझी शेवटची भेट.

त्या गेल्या त्या सकाळी त्यांच्या भावानं मोठा करण्यासाठी त्यांचा फोटो मागितला. दुकानातली सगळी पाकिटं उलटी केली. शेकडो पावलं निघाली, आणि प्रत्येक पावलाखाली बाईंचे हात. तोंड एकातही नाही. मी मोकळ्या हातानंच गेलो.

बाईंच्या दारात चपलांचा ढीग. आत मेणबत्ती, आणि बुधवारच्या सगळ्या आया. दुपारी डिंगोऱ्याची म्हातारी आली. तिनं वहाणा ढिगात काढल्या. खांद्यावर नात झोपलेली आणि तिच्या गोधडीतून लोखंडी पट्टी बाहेर आलेली.

बाईंचा भाऊ हळूच म्हणाला, "आजी, पोरीचे बूट तेवढे भाईर..."

"बूट न्हाईत त्ये," म्हातारी म्हणाली. "जमिनीला लागलं न्हाईत अजून."

ती उंबरा ओलांडून आत आली. बाईंच्या उशाशी टेकली, नातीला मांडीवर घेतलं. मी जवळच होतो. घामानं काळे पडलेले बूट तिनं सोडवले आणि गोधडीचं खालचं टोक उचललं. दोन सरळ पावलं उघडी पडली.

"बघा बाई," ती म्हणाली. "आधी पाय."