कॅप्टन कोथिंबीरचा उपास

त्यांच्या निधनाची बातमी मी वाचली होती आणि पान उलटलं होतं. हे एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी दिवस लागले. चहा पिता पिता वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटींवरून नजर फिरवायची माझी सवय. त्यात एक चौकट होती : सुधाकर गायकवाड, निवृत्त पोस्ट कर्मचारी, यांचे अल्पशा आजाराने निधन, पुण्यानुमोदन रविवारी. फोटो नव्हता. मी शब्दकोडं सोडवायला घेतलं. आणि त्याच दुपारी, ती चौकट ज्यांची होती त्यांनाच उद्देशून मी ग्रुपवर लिहिलं, ‘कॅप्टन, अहो किती ताणाल? सोडा आता उपास!’ खाली तिघांनी हसरे चेहरे टाकले.

आमचा ग्रुप कॉमिक्स वाचणाऱ्यांचा. वयानं वाढलेली, पण घरच्यांच्या मते न सुधारलेली माणसं. मी सदाशिव पेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवते. तिथं मी मॅडम, ग्रुपवर भिंगरी. सगळ्यांनाच अशी टोपणनावं. ‘कॅप्टन कोथिंबीर’ हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं, कारण भाजीवाल्याकडून फुकट कोथिंबीर मिळवण्याची दैवी शक्ती आपल्याकडे आहे, असा त्यांचा दावा होता. आम्ही स्पॉयलर, रेटकॉन असले शब्द तोंडावर फेकायला लागलो की ते शांतपणे मराठी शब्द काढायचे. शेवट आधीच फोडणारा स्पॉयलर म्हणजे चहाडी. अमक्या पात्राचं तमकीशी जुळावं म्हणून वाचक झुरतात, आम्ही त्याला शिप करणं म्हणायचो. त्यांच्या लेखी ती सोयरीक. जुनी गोष्ट अडचणीची झाली की लेखक मागे जाऊन ती बदलतो, तो रेटकॉन. त्यावर कॅप्टन म्हणाले, ‘यात नवीन काय? सारवासारव!’ ग्रुपमधल्या एका तरुण मुलानं त्यांना अडवायला विचारलं, ‘काका, मग वाचकांना खूश करायला उगाच घुसडलेल्या फॅन सर्व्हिसला काय म्हणाल?’ ते म्हणाले, ‘पंगतीतली दुसरी जिलबी. मागितलेली नसते, पण टाकवतही नाही.’ तेव्हापासून आम्ही सगळे त्यांच्याच भाषेत भांडायला लागलो.

महिन्यातून एकदा आम्ही बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानांमागे चहाला जमायचो. तिथला नियम एकच : कुणाला मुखवटा काढायला लावायचा नाही. म्हणजे खरं नाव, आडनाव, नोकरी विचारायची नाही. आम्हाला तो पोरखेळ वाटायचा. एकदा चहाचा ग्लास खाली ठेवत कॅप्टन मला म्हणाले, ‘भिंगरी, या गावात माणूस भेटला की दुसरा प्रश्न आडनावाचा. ते सांगितलं की समोरचा जरा सरकून बसतो, नाहीतर उगाच जास्त गोड बोलतो. इथं कुणी विचारत नाही. बरं वाटतं.’ मी समजूतदारपणे मान हलवली... आणि जिभेवर आलेला प्रश्न गिळला. तो आडनावाचाच होता. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

उपास हा शब्दही त्यांचाच. नवा अंक ज्याच्या हाती पडला नसेल त्यानं ‘उपास धरला’ असं जाहीर करायचं आणि वाचून होईपर्यंत ग्रुपवर फिरकायचं नाही. इतरांनी त्याला फोन करायचा नाही, वेगळा मेसेजही नाही, कारण बोलता बोलता चहाडी निसटतेच. ग्रुपवर मात्र त्याला खुशाल चिडवायचं, तो बघत नसतोच. पण तो मध्येच येऊन काही बोलला, तर त्याच्यासाठी बाकीच्यांनी चर्चा बंद ठेवायची. नऊ वर्षं चाललेल्या एका मालिकेचा शेवटचा अंक आला तेव्हा कॅप्टननी लिहिलं, ‘उपास धरला.’ मग आम्ही त्या शेवटावरून एकमेकांची डोकी फोडत बसलो. एरवी दोन दिवसांत उपास सोडणारा माणूस आठवडेच्या आठवडे गप्प का, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपण नियम पाळतोय, याचा वर अभिमान!

मग एका संध्याकाळी कॅप्टनच्या नंबरवरून फोन आला. मी उचलताच म्हटलं, ‘काय हो, झालं का पारणं?’

पलीकडे बाईचा आवाज. ‘भिंगरी म्हणजे तुम्हीच ना? मी प्रज्ञा, त्यांची मुलगी. बाबा गेले... पेपरमध्ये दिलं होतं आम्ही. ग्रुपचं कुणी आलं नाही, तेव्हा आई म्हणाली, कळवून टाक.’

दुसऱ्या दिवशी मी पर्वतीच्या पायथ्याशी त्यांच्या घरी गेले. त्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. कोपऱ्यात बुद्धांची मूर्ती, शेजारी त्यांचा फोटो, खाली पूर्ण नाव. मी ते परीक्षेला बसल्यासारखं दोनदा वाचलं. प्रज्ञा म्हणाली, ‘दवाखान्यात फोन सारखा हातात असायचा. मी म्हटलं, बाबा, ॲडमिट आहे म्हणून लिहा ना. तर म्हणाले, मी लिहिलं की बिचाऱ्यांना बोलणं बंद करावं लागेल, नऊ वर्षं थांबलेत ते.’

‘मग ग्रुप वाचायचे?’ मी विचारलं.

‘नाही हो. उघडायचेसुद्धा नाहीत. कुणाचा वेगळा मेसेज आलाय का, तेवढं बघायचे.’

वेगळा मेसेज कुणाचाच नव्हता. माझाही नव्हता. मी प्रज्ञानं दिलेला चहा पीत राहिले. तो चहासुद्धा आपण कुठल्या तोंडानं पितोय असं वाटत होतं.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आतून एक बंद पाकीट आणलं. ते दवाखान्यात असताना आलेला तो शेवटचा अंक. सलाईनच्या हातानं पानं दुमडतील, घरी जाऊन वाचतो, म्हणाले होते. काकूंनी मला खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीकडे नेलं. हाताशी पावडरचा डबा होता. घामाचे डाग पडू नयेत म्हणून अंक उघडण्याआधी ते बोटांना पावडर लावायचे. काकूंनी माझ्या बोटांवर ती शिंपडली आणि म्हणाल्या, ‘मला इंग्रजी येत नाही. वाचून सांगा, काय होतं शेवटी.’

मी पाकीट फोडलं आणि एकेक चौकट मराठीत सांगत गेले. शेवटच्या पानावर खलनायकाचा मुखवटा निघतो आणि तो नायकाचाच धाकटा भाऊ निघतो. याच पानासाठी आम्ही सगळे जिवाचा आटापिटा करून त्यांच्याशी गप्प बसलो होतो. माझं सांगून झालं.

काकू म्हणाल्या, ‘हे तर ते केव्हाच म्हणाले होते. बघ, भाऊच निघेल म्हणून.’

त्यांनी अंक माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि खुर्चीजवळच्या कपाटात बाकीच्या अंकांशेजारी नीट उभा केला. मग माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, त्या खरंच विचारत होत्या.

‘एवढ्यासाठी कुणी फोन केला नाही?’

‘हो काकू,’ मी म्हटलं. ‘एवढ्यासाठीच.’