मास्तरीणबाईंचं माफ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आहे आणि बरोबर त्याच्या डोक्यावर आमचं बिऱ्हाड. म्हणजे गेली एकवीस वर्षं माझ्या पायाखाली मशीन घरघरतंय आणि मास्तरांच्या डोक्यावर मी. आमचे हे म्हणतात, त्यातल्या त्यात मशीनला बंद करायचं बटण तरी आहे.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचं सहावीतच फाटलं, पण गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल अडकवली की माणूस मास्तर होतो. बोलायला अगदी कवडीचुंबक. गिऱ्हाइकाशी संभाषण एवढंच: ‘सरळ उभे राहा. श्वास सोडा. वळा. गुरुवारी.’ त्यातलं ‘श्वास सोडा’ खास माझ्यासारख्यांसाठी, कारण टेप पोटाशी आली की आम्ही बायका श्वास रोखून दहा वर्षं मागे जातो. शिवणीच्या आत थोडं जादा कापड दाबून ठेवतात, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला शिंपी लोक माया म्हणतात. मास्तरांच्या जिभेवर माया औषधालाही नव्हती, शिवणीत मात्र दोन बोटं असायची. माझ्या कपड्यांत तीन. मी मोजली आहेत.

बोलायचं खातं त्यांच्या बायकोकडे होतं. नवरा मास्तर म्हणून ती मास्तरीणबाई. तिनं फोनवर दुकानाचं पान काढलं होतं. शिवून झालेला कपडा त्या बिनडोक्याच्या पुतळ्याला चढवायचा, फोटो काढायचा, पानावर टाकायचा. गिऱ्हाइकं तिथेच मापं पाठवायची, तिथेच भांडायची आणि तिथेच गोडी करायची. बाईच्या एका हातात इस्त्री, ओठांत टाचण्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं उत्तरं चालू. आता एका अंगठ्यानं काय लिहिणार? ‘माप’ लिहायचं तर ती ‘मा’ एवढं उमटवायची, वर फोन दोनतीन शब्द सुचवायचा आणि बाई त्यातला पहिला दाबून मोकळी व्हायची. पहिला शब्द असायचा ‘माफ’.

झालं. ‘तुमचं माफ पाठवा.’ ‘माफ चुकलं, परत येऊन जा.’ ‘लहान मुलांचं माफ दर सहा महिन्यांनी घ्यावं.’

अख्खी आळी हसायची आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. एकदा मी त्या पानावर सगळ्यांदेखत विचारलं, ‘बाई, आमच्या ह्यांना दर सहा महिन्यांनी माफ करायचं की आठवड्याला?’ खालून टाचण्यांतून आवाज आला, “वर येऊन तोंड शिवीन हं तुझं! दुहेरी टीप मारून!” आणि फोनवर तिचं नेहमीचं उत्तर आलं, ‘झालं समजा.’ गिऱ्हाइकानं काहीही सांगितलं, बाही कमी करा म्हटलं, घेर वाढवा म्हटलं, की तिचं हेच. झालं समजा.

गेल्या हंगामात शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. दोघं दिवसभर जुंपलेले. त्याच दिवसांत ती माझ्याकडे येताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, हा जिना वाढलाय.” एकदा माझ्यासमोर तिनं मास्तरांना विचारलं, “डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?” मास्तर सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, “हा लॉट होऊ दे.” पुढच्या आठवड्यात तिनं परत विचारलं. “हा लॉट होऊ दे.” तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

लॉट झाला. गणवेश गेले. चौथ्या दिवशी तिला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. हृदय. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा बरी वाटली म्हणून मास्तर तिचा चष्मा आणायला घरी आले आणि संध्याकाळी पाचला ती गेली.

मी तिच्यावर हसायचं सोडलं तर काय करायचं हेच मला कळेना. आमचा रिवाज असा, की सकाळच्या चहाबरोबर मी तिला एखादा टुकार विनोद पाठवायचा आणि तिनं मला शिव्या घालायच्या. ती गेल्यावर दीड महिन्यानं एका सकाळी कप हातात, चित्त कुठेतरी, आणि बोटानं आपलं आपण काम उरकलं. विनोद गेला. मी जीभ चावली. तेवढ्यात खुणा निळ्या झाल्या. आणि उत्तर आलं.

‘झालं समजा.’

चहा अंगावर सांडला तो मला जिना अर्धा उतरल्यावर भाजला. खाली मास्तर इस्त्रीच्या टेबलाशी बसले होते. समोर तिचा फोन.

“मास्तर, हे काय?”

“गिऱ्हाइकं विचारतात. उत्तर द्यायला लागतं.”

“मी गिऱ्हाईक आहे?”

“तुमचा विनोद आला. तिनं उत्तर दिलं असतं.”

“हे असलं? तिनं मला शिव्या घातल्या असत्या.”

मास्तरांनी विचार करून मान हलवली. “शिव्या मला लिहायला जमत नाहीत, ताई.”

मी स्टुलावर बसले. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. दीड महिना ते तिच्या नावानं लिहीत होते. बाई गेल्याचं माहीत नसलेल्यांना, आणि माहीत असलेल्यांनाही. एकीनं लिहिलं होतं, ‘तुम्ही शिवलेला कोट आज घातला, फार आठवण आली.’ त्यालाही उत्तर: झालं समजा. आणि जिथे माप म्हणायचं तिथे त्यांनी बरोब्बर माफ लिहिलं होतं.

“तुम्हाला तर नीट लिहिता येतं ना? मग चूक कशाला?”

“नाहीतर कळेल ना लोकांना.”

मग त्यांनी स्वतःचा फोन काढला. कुलूप उघडताना बोट दोनदा चुकलं. ज्या माणसाचं काज कधी एका धाग्यानं सरकलं नाही, त्याचं. तिचा शेवटचा निरोप त्यांनी माझ्यापुढे धरला. त्याच दुपारी, ते चष्मा शोधत असताना आलेला. दोनच शब्द.

‘माफ राहिलं’

त्याखाली मास्तरांचं उत्तर. ‘कुणाचं?’

त्यापुढे काही नाही. खुणा निळ्या, म्हणजे तिनं वाचलं होतं.

“मला वाटलं, एखाद्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं राहिलंय,” मास्तर म्हणाले. “मी विचारलं, कुणाचं? आणि नंतर मनात आलं, तिनं खरंच माफ म्हटलं असेल तर? मला माफ करायचं राहिलं, असं? आणि मी काय विचारलं, तर कुणाचं.” एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “वही बघितली. गिऱ्हाइकांना विचारून झालं. कुणाचंच माप राहिलेलं नाही. पण एखाद्याचं असेलही. ज्याचं राहिलंय तो त्या पानावरच येईल ना, ताई? म्हणून चालू ठेवलंय.”

मी तिचा फोन त्यांच्याकडे परत सरकवला.

“ती मापाला नेहमी माफच लिहायची ना? तुम्ही तर रोज चिडवायचात.”

“नेहमी,” मी म्हटलं.

आणि तिथे मी खोटं बोलले.

कारण आजारी पडायच्या अठरा दिवस आधी ती वर आली होती. धापा टाकत फोन माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, “घे बाई, एकदाची ती चूक काढून टाक. शाळेच्या मोठ्या बाईंना मी लिहिलं, मुलांना रांगेत उभं करा, माफ करायचंय. त्यांनी मुलांना विचारलं, काय केलंत रे?” आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग मी त्या सुचवलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं, ‘काढून टाका’ असं आलं, ते दाबलं. माफ गेलं, माप वर आलं. तिनं तीनदा लिहून बघितलं. “बघ,” म्हणाली, “आता तुझी करमणूक बंद.”

मग त्या दुपारचं ते माफ कुठून आलं?

माझ्यासारख्या ज्या बाईच्या पोटात कुणाचं दूध नासल्याची बातमीसुद्धा दुपारपर्यंत टिकत नाही, तिच्या पोटात ही गोष्ट साडेतीन महिने टिकली. मास्तर दिसले की मी जिन्यावरूनच मागे फिरायची. आमच्या ह्यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का, दोन दिवस कुणाबद्दल काही बोलली नाहीस.

शेवटी लेक आली. मास्तरांची एकुलती, लग्नानंतर परगावी असते. आल्या आल्या चप्पल न काढता दुकानातच उभी राहिली. मी फाटका परकर दुरुस्तीला घेऊन गेले होते. खरं सांगायचं तर परकर मीच थोडा फाडला होता, आत काय चाललंय कळावं म्हणून.

“बाबा, आईचं ते पान बंद करा.”

“का?”

“का? मी ऑफिसात असते, फोन उघडते आणि आईच्या नावापुढे हिरवा ठिपका. परवा जेवणाच्या सुट्टीत बसले होते, आईनं कुणालातरी लिहिलं, उद्या या. घास गिळता येईना मला. काकू, तुम्ही तरी सांगा ना!”

मी परकराकडे बघितलं.

“बंद केलं तर मी विचारू कुठे?” मास्तर म्हणाले.

“काय विचारायचंय तुम्हाला?”

त्यांनी तिलाही तो निरोप दाखवला. मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, शब्द कमी करून. लॉटचंही सांगितलं. ‘हा लॉट होऊ दे’ हे ते दोनदा म्हणाले होते, ते दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाले, “पण ती मापाला माफच लिहायची. ताईंना विचार.”

लेकीनं चमकून माझ्याकडे बघितलं. “पण काकू, तुम्ही ते नीट करून दिलं होतंत ना? आईनं मला लगेच फोटो पाठवला होता. लिहिलं होतं, तुझ्या काकूची करमणूक बंद.”

दुकानात इस्त्रीचा वास होता. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, टेबलावर ठेवली.

“ताई?”

“हो.”

“कधी?”

“आजारी पडायच्या अठरा दिवस आधी.”

“मग तिनं माफच लिहिलं.”

“मास्तर, मला वाटलं तुम्हाला...”

“मग तिनं माफच लिहिलं,” ते पुन्हा म्हणाले आणि खाली बसले. स्टुलावर नाही, कापडाच्या कातरणांवर. मी आयुष्यात लोकांच्या घरात बऱ्याच काड्या घातल्या, पण एवढं मोठं नुकसान तोंड बंद ठेवून होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

लेक बापाचीच. ती म्हणाली, “असं नाही. बघू तरी.” तिनं आईचा फोन घेतला, त्या अठरा दिवसांतले सगळे निरोप काढले आणि एकेक वाचायला लागली. मास्तरांनी न सांगता खडू घेतला आणि काळ्या अस्तराच्या तुकड्यावर रेघा ओढू लागले. एका बाजूला माप, दुसऱ्या बाजूला माफ.

“खांद्याचं माप.” रेघ.

“उद्या माप द्या.” रेघ.

असं बराच वेळ चाललं. लेक मध्येच थांबायची, नाक पुसायची, परत वाचायची. शेवटी अस्तरावर अकरा माप आणि चार माफ. चारही माफ शेवटच्या पाच दिवसांतली. ‘बाहीचं माफ नीट नाही.’ ‘माफ मिळालं.’ अशी.

“बघा, परत चुकायला लागली होती,” लेक म्हणाली. “दम लागत असणार. बोट कुठेही पडतं हो.”

“किंवा,” मास्तर म्हणाले.

“किंवा काय?”

पाव इंचाचाही हिशेब चुकू न देणारा माणूस त्या पंधरा रेघांकडे बघत राहिला आणि त्याला त्यातून काही बेतता येईना.

“बाबा, तुमचं ‘कुणाचं?’ तिनं वाचलं होतं. हसली असेल ती. काकू, हसली असेल ना?”

एकदा खोटं बोलून झालं होतं. ती हसली असती तर तिनं ते मला कळवलं असतं. एकवीस वर्षांत असली मजेची गोष्ट तिनं एकटीनं ठेवून घेतली नव्हती. त्या दुपारी माझ्या फोनवर तिचं काही आलं नव्हतं. पण तिच्यात तेवढा दम उरला नसेल, असंही असेल.

“मला माहीत नाही गं,” मी म्हटलं.

लेकीनं डोळे पुसले. “पान राहू दे, बाबा. पण आईच्या नावानं बोलू नका. मला नाही सोसत.”

मास्तरांनी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला. पानावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘मास्तरीणबाई, मुलगी एकदम उंच झाली. जुनं माप चालेल की नवीन देऊ?’

लेकीनं फोन बापाच्या हातात दिला. मास्तर एका बोटानं लिहायला लागले. आम्ही दोघी दोन बाजूंनी वाकलो.

‘बाई वारल्या. पाच महिने झाले. उत्तरं मी देत होतो. मी मास्तर.’

मग नवीन ओळ. ‘मा’ उमटलं. वर फोननं दोन शब्द पुढे केले. पहिलं माफ, दुसरं माप. पाच महिने त्यांनीच तर त्याला परत शिकवलं होतं. त्यांचं बोट त्या दोन शब्दांच्या वर टांगलेलं राहिलं. मग टेकलं.

‘माफ पाठवा.’

माझं तोंड सवयीनं उघडलं. चूक दिसली की ते आपोआप उघडतं. लेकीनं माझा हात घट्ट धरला आणि मी ते मिटलं. मास्तरांनी निरोप पाठवला, फोन इस्त्रीच्या टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले.

खुणा निळ्या झाल्या. पलीकडची ती बाई काहीतरी लिहायला लागली. थांबली. परत लिहायला लागली.