गॅरेजच्या दारातले तीन हॉर्न

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. व्हॅनची किल्ली अजून हातातच आहे आणि मी जिन्यात बसून टाइप करतेय. आज सकाळी आम्ही परत त्या गॅरेजसमोर तीन हॉर्न मारून आलो. दोन छोटे, एक लांब. तो लांब हॉर्न म्हणजे काका.

काका म्हणजे आमच्या जुळे सोलापूरच्या बिल्डिंगमधले, तळमजल्यावरचे. हॉर्न मारून झाला की काच खाली घ्यायचे, कोपर बाहेर काढायचे आणि एकदम शांत आवाजात म्हणायचे, “सोडत नसतो मी.”

आणि खरंच सोडायचे नाहीत. एका कलिंगडवाल्यानं त्यांना पांढरं कलिंगड दिलं, तर हे उन्हाळाभर दुसरीकडून लालभडक कलिंगड आणून त्याच्याच गाड्याशेजारी कापायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोडी वाटायचे. “घ्या की. हे लाल हाय. त्याचं न्हाय, माझं हाय.” शेवटी त्यानं जागा बदलली. आम्ही सगळे हे बघायला मुद्दाम जायचो, खोटं कशाला बोलू.

त्यांची व्हॅन लई जुनी. आधी त्यातून चादरी जायच्या. धंदा बंद केल्यावर काकांनी मागं फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडी बसवली, पडदे लावले आणि झाली कॅम्पर व्हॅन. काकी तिला ‘फिरती खोली’ म्हणायच्या.

काकींची मोठी बहीण करमाळ्याला दिलेली. गेल्या वर्षी ती खूप आजारी पडली. लवकर या, म्हणून फोन आला. दोघं तसेच निघाले. टेंभुर्णीत खड्ड्यातलं पाणी उडालं आणि व्हॅन बंद. इंजिनावर एक सेन्सर असतो, त्याचं काळं झाकण सैल झालेलं, पाणी आत गेलेलं. दुसरी गाडी बघून हे करमाळ्याला पोचेपर्यंत बहिणीला स्मशानात नेलं होतं. काकींना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

आणि व्हॅन आदल्याच आठवड्यात त्या गॅरेजमधून सर्व्हिसिंग करून आणलेली. मग काय, गुन्हेगार सापडला.

तेव्हापासून रोज सकाळी, गिऱ्हाइकांच्या टायमाला, व्हॅन गॅरेजच्या दारात आडवी. तीन हॉर्न.

“काय मालक, झाकण बसवायला शिकलास का? घरी डब्याचं तरी बसतंय का?”

गिऱ्हाईक हसायचं, एखादं तिथूनच गाडी वळवायचं. काकी शेजारी ताठ बसलेल्या. त्या अक्कलकोटकडच्या, राग आला की कन्नड. “ना बिडंगिल्ला,” म्हणायच्या. म्हणजे तेच, मी सोडणार नाही. पुढं मला स्टॉपवर सोडायचे, म्हणून मीही व्हॅनमध्ये असायचे. मागच्या पडद्यातून बघायचे आणि मलाही लई बरं वाटायचं. त्या माणसाचं तोंड पडलं की माझी सकाळ चांगली जायची.

झाकण टेंभुर्णीत नुसतं टेप लावून भागवलेलं. ते काही काकांनी त्याच्याकडं नेलं नाही. एका रविवारी दुपारी म्हणाले, “ये ग, आपणच बसवू.” टेप काढला. मी ब्लेडनं जुनी वाळलेली पेस्ट खरवडायला लागले. “हळू. कणभर राहिली तरी परत पाणी शिरतंय.” मग पेट्रोलच्या फडक्यानं कड पुसताना काका मधेच थांबले.

झाकणाच्या तुटक्या क्लिपमध्ये बारीक तार अडकली होती. तारेला वाळलेला मिरचीचा देठ.

काकी दर अमावास्येला व्हॅनला लिंबू-मिरची बांधतात. पुढं बांधली की शेळी खायची, म्हणून त्यांनी बॉनेटच्या आत बांधायला सुरुवात केली होती. आणि आत हाताला येईल असं काय, तर हे झाकण. दर वेळी तार करकचून ओढायच्या.

काकांनी मान वळवून बघितलं. काकी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. काकांनी तार खिशात टाकली.

“काय बघितलंस?”

“तार.”

“न्हाय बघितलीस.”

मग सिलिकॉनची बारीक रेघ कडेनं फिरवली, बोटानं सारखी केली, झाकण दाबलं, स्क्रू थोडा इकडचा थोडा तिकडचा असे आवळले. “आता उद्यापर्यंत हात लावायचा न्हाय.” म्हणाले आणि बॉनेट लावलं.

मला वाटलं, हॉर्न आता बंद. तर दुसऱ्या दिवशी आणखी लांब. काकी भाजी घ्यायला उतरल्या तेव्हा मी म्हटलं, “काका, अहो त्याची काय चूक?”

“कायच न्हाय.”

“मग?”

“तिला कुणावर तरी चिडायला पायजे की. सोतावर चिडली तर उठायची न्हाय ती.”

आठवड्याभरात बॉनेटच्या आत एक लोखंडी हुक दिसला. काका काकींना सांगत होते, “आता हितं बांधत जा. हितं वारं लागतंय, नजर लवकर उडती.”

या संक्रांतीनंतर काका गेले. व्हॅन तेव्हापासून उभीच होती. आज अमावास्या. सकाळी काकींनी दार वाजवलं. “गाडी काढ ग. गॅरेजला जायचंय.” व्हॅन मला काकांनीच शिकवलेली. काकींनी आधी हुकाला नवीन लिंबू-मिरची बांधली, मग बसल्या.

तिथं मी हॉर्नला हात घालणार, तर तो बाजूला सारून त्यांनी स्वतःच मारले. दोन छोटे. आणि लांब इतका लांब की रस्ता थांबला.

गॅरेजवाला हात पुसत बाहेर आला. मी घाबरले. काका नाहीत, आता हा कशाला ऐकून घेईल.

“आमचे हे गेले म्हणून सुटलास काय?” काकी म्हणाल्या. “ना बिडंगिल्ला.”

त्यानं मान खाली घातली. “चुकलं काकी. माझंच चुकलं.”

मागचं दार नीट लागलं नव्हतं म्हणून मी उतरले. तो तिथं आला, हळूच म्हणाला, “हुक टिकलाय न्हवं? मीच वेल्ड केलाय. काका ती तार घेऊन आलते माझ्याकडं. एवढं मोठं माणूस, हात जोडले. म्हणाले, शिव्या खाशील का?”

मी परत बसले. काकींनी विचारलं, “काय म्हणत होता?”

“माफी मागतोय.”

“मागू दे. पुढच्या अमावास्येला परत येऊ.”

काकींना वाचता येतं ते फक्त कन्नड, म्हणून इथं एवढं सगळं लिहिलं. खाली त्या व्हॅनची काच पुसतायत, काका बसायचे त्या बाजूची. तुमच्यासाठी कुणी असं खोटं वैर सांभाळलंय का कधी? आणि तुम्हाला ते कळलं कसं?