अच्युतरावांच्या भांडारातली एकतीस गाणी

अच्युत पांढरीपांडे यांनी अडतीस वर्षं कारखान्याच्या भांडारात काढली आणि निवृत्त होताना ते भांडार घरी घेऊन आले. सामान नव्हे, एक वॉशर इकडचा तिकडे करणारा हा माणूस नव्हे. आणली ती शिस्त. भोपाळातल्या पिपलानीच्या मागच्या वसाहतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात चहाच्या डब्यावर ‘चहा’ असं लेबल होतं, साखरेच्या डब्यावर ‘साखर’, आणि देव्हाऱ्यातल्या कापराच्या डबीवर ‘कापूर (ज्वालाग्राही)’. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणायच्या, “एक दिवस माझ्या पाठीवरही चिकटवतील.” अच्युतराव यावर हसत नसत. त्यांना त्यात तसं वावगं काही दिसत नसे.

भांडाराचे नियम बरेच होते, पण अच्युतरावांच्या हाडात मुरले होते ते दोन. पहिला, एक नग एका वेळी एकाच जागी. तोच माल इथेही दिसतो आणि तिथेही दिसतो, तर कुठेतरी लबाडी आहे. म्हणून माल पलीकडे पोचला की इकडचा त्याच दिवशी शून्य करायचा. दुसरा, सीलबंद पेटी फोडायची नाही. लेबल वाचायचं, नग मोजायचे, सही करायची. आत काय निघतं ते बघणं तपासणी खात्याचं काम. पुढे जे झालं ते या दोन नियमांना तंतोतंत धरून झालं. त्यांच्या शिस्तीला तिथेही कुणी नाव ठेवू शकणार नाही.

त्यांच्या टेबलावर एक संगणक होता. मुलगा आशय पुण्याला नोकरीला गेला तेव्हा जुना संगणक त्याने वडिलांसाठी ठेवला आणि त्यात लिनक्स घातलं. फुकट मिळतं आणि व्हायरस लागत नाही, एवढ्या दोन गुणांवर अच्युतरावांनी लिनक्सला घरात घेतलं, पण इंटरनेटला उंबऱ्याबाहेरच ठेवलं. नेटची तार जिथे लावतात त्या भोकात त्यांनी कापूस घातला आणि वरून काळी टेप चिकटवली. “ज्या भांडाराला मागचं दार नाही, तिथे रात्री झोप लागते,” असं ते म्हणत. टेपेवर लेबलही होतं: ‘बंद’.

आता अक्काबद्दल. लीलावती ही त्यांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा तिचे सासरेही फायलींबरोबर आले. ती लग्न होऊन भोपाळला आली आणि पुढे धाकट्या भावालाही तिनेच कारखान्यात चिकटवलं. अक्काच्या पोटात भुलाबाईची गाणी होती. विदर्भात भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीची भुलाबाई मांडतात, घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. ते सगळं भोपाळात अक्काने साठ वर्षं चालवलं. तिच्या आईची, आजीची गाणी होती ती. काही कुठल्याच पुस्तकात नव्हती. गेल्या वर्षी त्या महिन्यात अच्युतराव रोज स्कूटरवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलारला, तिच्या घरी गेले आणि रोज एक गाणं फोनवर रेकॉर्ड करून आले.

“काहून रे, या वयात मला गायिका करतोस?” ती म्हणायची.

“गा ना अक्का. नंतर कोण म्हणणार?”

“म्हणते. पण एक ऐक. हे बाजारात जायला नको. त्या नेटवर कोणीही उचलतं, वर ढोल लावतं आणि नाचतं. माझ्या आईचं आहे हे. घरात ठेव.”

“माझ्या भांडारात ठेवतो,” अच्युतराव म्हणाले. याहून मोठी शपथ त्यांच्याकडे नव्हती.

एकतीस गाणी झाली. पौषात अक्काला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, कळत होतं सगळं. तोंडातून फक्त ‘आं’ असा एकच आवाज निघायचा. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच.

म्हणजे भुलाबाईची ती गाणी जगात एकाच ठिकाणी उरली, अच्युतरावांच्या फोनमध्ये. आणि यंदा भाद्रपद लागला तसा तो फोन मरायला टेकला. मधेच बंद पडायचा, चार्जिंगची जागा सैल झालेली, केबल एका विशिष्ट कोनात दाबून धरली तरच जीव धरायचा. अक्काची नात सायली हिने घरात आधीच जाहीर करून टाकलं होतं, की यंदा कोजागिरीला आजीची गाणी आजीच्याच आवाजात लावायची. ते ऐकल्यापासून अक्का रोज डाव्या हाताच्या बोटांनी कोजागिरीचे दिवस मोजत होती.

“मामाआजोबा, व्हॉट्सअॅपवर टाका ना मला. दोन मिनट का काम है!” सायली म्हणाली.

“नाही. घरातून घरात. केबलने.”

केबल लावली. फोन आनंदाने चार्ज होऊ लागला. संगणकाला त्याचं येणं कळलंसुद्धा नाही. वैजयंतीबाईंच्या फोनवरून आशयला विचारलं. तो म्हणाला, “बाबा, फोनवर वरची पट्टी खाली ओढा. ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा.” निवडलं. तरी संगणक ढिम्म.

“त्याला फोन ओळखायचं सॉफ्टवेअर नाहीये. नेट लावा, एका ओळीत होईल.”

“नेट लागणार नाही.”

“बाबा, कापूस काढा फक्त!”

“आशय, अक्काला शब्द दिलाय.”

“आत्याला गाणी बाहेर जायला नको होती. सॉफ्टवेअर आत यायला काय हरकत आहे?”

“दार एकच असतं,” अच्युतराव म्हणाले. “त्यातूनच आत येतात, त्यातूनच बाहेर जातात.”

तर मग पेन ड्राइव्ह. बाजारात जितेंद्रचं झेरॉक्सचं, फॉर्म भरून देण्याचं, फोटो काढण्याचं आणि मोबाइल दुरुस्तीचं असं एकच दुकान होतं. त्याच्याकडून आशयने सांगितलेलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, घरी येऊन घातलं. संगणक म्हणाला, मला हे चालेल, पण आधी अमुक लागेल. स्कूटर काढली, अमुक आणलं. संगणक म्हणाला, अमुकला तमुक लागतं. अच्युतरावांना राग येण्याऐवजी आदर वाटला. हे तर अस्सल भांडार होतं! मागणीपत्राला मंजुरीपत्र, मंजुरीपत्राला साहेबाची सही. चार दिवसांत सात खेपा झाल्या. जितेंद्र हात जोडून म्हणाला, “अंकल, इससे तो नया फोन ले लो. मैं बढ़िया वाला दिला दूँगा.”

“फोन नया मिल जाएगा भैया. मेरी बहन का आवाज कहाँ मिलेगा?”

जितेंद्रने मग आठवी खेप लागू नये म्हणून आजूबाजूचं जे दिसलं ते सगळंच उतरवून दिलं.

त्या दुपारी संगणकाला फोन दिसला. अच्युतरावांनी वैजयंतीबाईंना हाक मारली, “अगं, आला बघ!” जावई आल्यासारखं. फोन पोळपाटावर ठेवला, केबल नेमक्या कोनात राहावी म्हणून तिच्यावर लाटणं आडवं टाकलं. आशयने एक हुकूम अक्षर-अक्षर सांगून टाइप करून घेतला आणि म्हणाला, “बाबा, माझी मीटिंग सुरू होतेय. एंटर दाबा, आणि संपेपर्यंत फोनला हात लावू नका. मग मला सांगा.”

एंटर दाबलं. पोळपाट थोडा डगमगत होता. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. मग दुसरी. भराभर ओळी खाली सरकत गेल्या आणि थांबल्या. अच्युतरावांनी बोट लावून त्या मोजल्या. एकतीस. खोका उघडावा तसा फोल्डर उघडला, त्यात गाण्यांची नावं मोजली. एकतीस. प्रत्येक नगाची एक पावती आणि पावतीबरहुकूम माल. अडतीस वर्षांत इतका चोख व्यवहार त्यांनी क्वचितच पाहिला होता.

त्या ओळींमध्ये लिहिलेलं असं होतं, की हे गाणं वाचता आलं नाही. एकतीस वेळा तेच.

पण अच्युतरावांनी लेबलं वाचली होती, नग मोजले होते. पेटी फोडायची नव्हती. अक्काचा आवाज कोजागिरीला सर्वांसमोर तिच्या पुढ्यातच उघडायचा, असंही मनात होतं. त्यांनी फोन हातात घेतला आणि इकडचा माल शून्य करायला घेतला. फोन म्हणाला, पुसलेलं तीस दिवस कचऱ्यात ठेवतो, लागलं तर. तीस दिवस एक नग दोन जागी? त्यांनी कचराही रिकामा केला. मग आशयला कळवलं, “एकतीसच्या एकतीस.”

“ग्रेट, बाबा!” आशय म्हणाला. मीटिंगमधून बाहेर येऊन तो चहा पीत होता.

दोन दिवसांनी फोन कायमचा बंद पडला. तो त्यांनी जितेंद्रला सुट्या भागांसाठी देऊन टाकला आणि हलक्या मनाने नवा घेतला.

कोजागिरीला चार वाजता अच्युतराव रिक्षातून कोलारला निघाले. मांडीवर संगणकाचा डबा, पायाशी दोन स्पीकर, आणि शेजारी मॉनिटर धरून वैजयंतीबाई. “आपलं लग्न झालं तेव्हाही तुम्ही मला असं जपून आणलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. अच्युतराव दर खड्ड्याला रिक्षावाल्याला “धीरे, भैया, धीरे” म्हणत होते.

अक्काच्या खोलीत भुलाबाई मांडली होती. सायलीने शेजारच्या सात-आठ मुली गोळा केल्या होत्या. अक्काला उशांना टेकवून बसवलं होतं, नवी साडी नेसवली होती. अच्युतरावांनी तारा जोडल्या, आणि मास्तर शाळेत बोलतात तशा आवाजात म्हणाले, “पहिलं गाणं. गायिका, लीलावती.”

काही झालं नाही.

“आवाज वाढवा,” कुणीतरी म्हणालं. वाढवला. स्पीकर नुसता गुणगुणत राहिला. दुसरं लावलं. तिसरं. अकरावं. अच्युतराव बाराव्याकडे वळले तेव्हा सायलीने आशयला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“फाइलवर उजवं बटण दाब सायली. साइज किती दिसते?”

“झिरो, काका.”

“दुसरी?”

“सगळ्या झिरो. नावं आहेत फक्त.”

“ठीक आहे, पॅनिक नको. बाबा, फोनमधली तर आहेत ना? ओरिजिनल?”

अच्युतराव स्पीकरची तार पुन्हा घट्ट बसवू लागले.

“बाबा?”

“नियमाने केलं रे,” अच्युतराव म्हणाले.

आशयने बराच वेळ काय काय विचारलं. फोन कुठे आहे, कचरा, जितेंद्र. “नाही निघणार, बाबा,” तो शेवटी म्हणाला. “पुसल्यावर नाही निघत.”

मुली एकमेकींकडे बघत होत्या. कुणीतरी काहीतरी करायला हवं म्हणून सायलीने आपल्या मोबाइलवर शोधलं. “आजी, थांब, मिळालं बघ! भुलाबाईचीच आहेत.” गाणं वाजायला लागलं. खाली ढोलक, मागे सिंथेसायझर, आणि कुठल्यातरी बाईचा खणखणीत आवाज. मुली बिचाऱ्या टाळ्या वाजवू लागल्या.

अक्काने डावा हात वर केला आणि जोरजोराने हलवला. नाही, नाही. चाल ती नव्हती. दुसऱ्या कडव्यात सासू-सुनेचं जे होतं ते तसं नव्हतं. तिने अच्युतरावांकडे बघितलं. तू होतास ना रोज, तू ऐकलंस, सांग यांना. ओठ हलले. “आं,” ती म्हणाली. “आं. आं.”

अच्युतराव पलंगापाशी खाली बसले. रोज गेले होते ते, रोज ऐकलं होतं. पण त्या वेळी त्यांचं लक्ष रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू आहे ना, मिनिटं किती झाली, याच्यावर होतं. त्यांनी तोंड उघडलं. पहिल्या ओळीतले दोन शब्द आले, पुढे काहीच येईना. अक्काने त्यांचं मनगट धरलं आणि वाट पाहत राहिली. बहीण ऐकत होती आणि भावाला पुढचं माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सायलीने गाणं बंद केलं. बाहेर दूध आटत होतं, वैजयंतीबाई ढवळायला गेल्या.

“अक्का,” अच्युतराव म्हणाले. “अक्का, इकडे बघ ना गं.”

तिने बघितलं नाही.