पंख्याच्या गळ्यातला पट्टा

शेजारच्या तात्यांचा फोन आला तेव्हा मी इंदापुरात, शाळेच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. "पोरी, सुहास उठंना... तू लगीच ये," एवढंच ते बोलले. बारामतीत एसटी बदलून वडगाव निंबाळकरला पोचले, तोवर अंगणात माणसं जमली होती. माझा धाकटा भाऊ झोपेतच गेला होता. आता महिना उलटला, तरी 'होता' असं लिहिताना हात अडखळतो.

आई-वडिलांमागं सुहास त्या घरात एकटाच राहायचा आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा. गाई-म्हशींच्या गळ्यात बांधायचे पट्टे ती कंपनी बनवत होती. जनावराला ताप आला, रवंथ कमी झाला, की पट्टा ब्लूटूथवरून घरातल्या फोनला कळवणार. हे बोलणं मधेच तुटत तर नाही ना, ते तपासणं सुहासकडं होतं. ऑफिसातल्या टेबलावर सगळं सुरळीत चालायचं. मग एक पट्टा तात्यांच्या म्हशीला बांधला. म्हैस तापानं फणफणली, आणि फोन गप्पच. डॉक्टर वेळेवर आले म्हणून ती वाचली. तात्या एका शब्दानं बोलले नाहीत. सुहासनंच ते मनाला लावून घेतलं. "गप्प झालेला पट्टा आणि बरी असलेली म्हैस फोनला सारखीच दिसतात, ताई. हे असं लोकांच्या गोठ्यात कसं द्यायचं?"

जनावराचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच, आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यातून नीट जात नाहीत, असं त्यानं मला समजावलं होतं. म्हैस वळून मधे आली की संबंध तुटतो. पुन्हा वळली की तो आपोआप जुळायला हवा. क्वचित कधी जुळत नव्हता, पण बघायला बसलं की हटकून जुळायचा. ऑफिसानं नाद सोडला. यानं आईच्या टेबलफॅनची पाती काढली, त्याच्या मानेला पट्टा बांधला आणि पुढ्यात पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा कॅन आणि पलीकडं फोन ठेवला. पंखा मान वळवायचा, पट्टा कॅनआड जायचा, संबंध जुळल्याचा हिरवा दिवा विझायचा. बाहेर आला की पुन्हा लागायचा. संगणक सगळं आपोआप टिपत राहायचा. जुळलं नाहीच, तर लाल दिवा लागून सगळं जागच्या जागी थांबेल, अशी सोय होती. धार काढून झाली की तात्या दारात उभे राहायचे. "काय सुहासराव, पंखा आज किती लिटर?"

"भाकड हाय तात्या! नुसती लाईट खातोय."

दिवसकार्य उरकल्यावर घराला कुलूप लावण्याआधी मी पंखा बंद करायला गेले... हात पुढं होईना. तसाच फिरता ठेवून किल्ली तात्यांकडं दिली. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "पोरी, पंखा थांबलाय. लाल दिवा लागलाय. म्या कशाला हात लावला न्हाय." ज्याची तो इतके महिने वाट बघत होता ते आलं, आणि बघायला तो नव्हता.

रविवारी गेले. सुहासच्या हाताखाली काम करणारी मृणाल पुण्याहून फोनवर सांगत गेली, तसं मी संगणकानं टिपलेलं सगळं तिला पाठवलं. तिनं एकेक ओळ तपासली. मग म्हणाली, "सापडलं, ताई. पट्टा परत जुळायला यायचा, आणि नेमका तेव्हाच फोन त्याला शोधायचं थांबवायचा. सरांचं बरोबर होतं..."

दुपारी तिनं दुरुस्ती पाठवली. "आता पंखा चालू करा, ताई. बघू या."

मी सुहासच्या खुर्चीत बसले. ती त्याच्या उंचीला लावलेली. माझे पाय नीट टेकत नव्हते. पंख्यानं मान वळवली, पट्टा कॅनआड गेला, दिवा विझला. कॅनच्या कडेनं पट्टा हळूहळू बाहेर आला, आणि हिरवा दिवा लागला.

"आला?" पलीकडून मृणालनं विचारलं.

"आला," मी म्हणाले. फोन ठेवायचं दोघींनाही सुचलं नाही. पंखा पुन्हा मान वळवू लागला होता.