अरुंद पट्टी

त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. महाराजांच्या कारकिर्दीत ती मोठी लढाई लागली, आमचे हे पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला निघाले, तेव्हा तो कोल्हापूर स्टेशनाबाहेर खोक्याचा कॅमेरा घेऊन बसला होता. लढाईमुळे रुंद रीळ मिळत नव्हतं. म्हणून बायस्कोपवाल्याकडची कोरी, कडांना भोकं असलेली फिल्मची अरुंद पट्टी तो रिळाच्या काळ्या कागदावर चिकटवून वापरायचा. काळ्या पिशवीत हात घालून, डोळे मिटून तो ती गुंडाळत होता.

ह्यांनी आमचा दोघांचा फोटो काढायला सांगितला. सासूबाई समोरच उभ्या, म्हणून आमच्या मधून बैलगाडी गेली असती एवढं अंतर!

म्हातारा खेकसला, "पट्टी बारीक हाय! सरका की. आनखी जरा. खांद्याला खांदा लावा, न्हाय तर पावणं अर्धंच येतील."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी सरकले. चारचौघांत ह्यांचा दंड माझ्या दंडाला लागला, तो तेवढाच.

महिन्याभराने म्हातारा पत्ता विचारत फोटो घेऊन घरी आला. फोटोत खाली-वर भोकांच्या रांगा होत्या, आमचे पाय कापले गेले होते. पण दोन्ही बाजूंना मात्र मोकळीच मोकळी जागा! पट्टी उंचीला कमी होती, रुंदीला नव्हती.

मला रागच आला. "चाचा, खोटं बोललासा. हितं बैलगाडी मावली असती की!"

"व्हय, जागा लई व्हती, पोरी," पिशवी खांद्याला लावत तो म्हणाला. "येळ नव्हता."